दिव्याची राखण

आमच्या घरात झोपेची वाटणी कधी सारखी झालीच नाही. नवऱ्याचं डोकं उशीला टेकायचा अवकाश, तो ढाराढूर. सासूबाई रात्री नऊला बाजेवर पडतात आणि पहाटे पाचला उठतात. मधे घरावर दरोडा पडला तरी त्या कूस बदलायच्या नाहीत. उरलेली सगळी जाग माझ्या वाट्याला आली. मी तशी वाटणीत भांडणारी बाई आहे. भाजीत माझ्या ताटाला तर्री कमी आली तरी बोलून दाखवते. पण झोपेसाठी भांडायचं कोणाशी, हे मला चार वर्षं कळलं नाही.

खरं सांगायचं तर कळलं होतं. भांडण एका गेलेल्या माणसाशी होतं आणि त्यात चूक माझी होती.

टेंभुर्णीत बाजाराच्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. पुढच्या खोलीत सासूबाईंची बाज, मधल्या खोलीत माझी शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून आमची झोपायची खोली. मी ब्लाउज शिवते. सासरे बसवर कंडक्टर होते. नोकरीची निम्मी वर्षं त्यांनी मुक्कामाच्या गाडीवर काढली. म्हणजे रात्री गाडी कुठल्यातरी खेड्यात जाऊन थांबायची, हे गाडीतच सीटवर आडवे व्हायचे आणि पहाटे पाचला पुन्हा घंटी मारायचे. अशा माणसाला झोपेची किंमत असते. घरी असले की दुपारी जेवून मधल्या खोलीत चटईवर पडायचे, तोंडावर पंचा ओढून घ्यायचे, आणि एवढासा उजेड आला तरी पंचाच्या आतून ओरडायचे, "ए, ती लाईट बंद करा रे!" उजेडात त्यांचा डोळा लागतच नसे. मग मी खिडकीला दुहेरी अस्तराचा जाड पडदा शिवला. त्या पडद्याचं त्यांनी गावभर कौतुक केलं. माझ्या कामाचं त्यांनी केलेलं तेवढं एकच कौतुक.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते असेच दुपारी आडवे झाले. मी चार हातांवर मशीनवर बसले होते. लग्नसराई होती, एका नवरीच्या ब्लाउजला बाह्या लावायच्या होत्या. त्यांची झोपमोड नको म्हणून मी पायडल हळूहळू मारत होते. बाह्या झाल्या, हुक लावून झाले. चहाच्या वेळेला सासूबाई दारातून डोकावल्या, "झोपू दे जरा, रात्री लई खोकला व्हता त्यायला," म्हणाल्या आणि परत गेल्या. साडेचारला सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरचा पंचा बाजूला केला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन-अडीच तास झाले असतील. म्हणजे तेवढा वेळ मी गेलेल्या माणसाची झोप सांभाळत बसले होते. तो ब्लाउज मी त्या नवरीला दिला नाही. नवीन कापड आणून दुसरा शिवून दिला.

आमच्याकडे माणूस गेलं की जिथे त्याचा जीव गेला त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, दक्षिणेकडे तोंड करून. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. गेलेल्याची पुढची वाट अंधाराची असते, तिथे त्याला तेवढाच उजेड, असं म्हणतात. खरं-खोटं ज्याचं त्याला माहीत. पण रात्री दिव्याजवळ कोणीतरी बसायचं, तेल घालायचं, वात सारायची, ही राखण घरातल्या बायकांकडे असते. पहिल्या दोन रात्री जावा-नणंदा बसल्या. तिसरी रात्र माझी होती. थोरल्या आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण, झोपायला जाताना मला बजावून गेल्या, "डोळा लागू देऊ नको बाई. विझला तं त्यो वाटंतच अडकल."

तीन दिवस घरात माणसांचा राबता होता. येणाऱ्याला पाणी, चहा, रडणारीला धरायचं, न रडणारीकडे बघून आपणच रडायचं. पाय नुसते ठणकत होते. मी मशीनच्या टेबलाला पाठ टेकवून बसले. पुढच्या खोलीत सासूबाई पाहुण्या बायकांमध्ये निजल्या होत्या. बारा वाजलेले मला आठवतात, एक वाजलेलाही आठवतो. मग जाग आली ती वासाने. विझलेल्या वातीचा वास एकदा नाकात बसला की पुन्हा जात नाही. मोबाइल बघितला. तीन वाजले होते. खोलीत अंधार असा की भिंत कुठे आणि खिडकी कुठे ते कळेना. माझ्याच हातचा पडदा, दुहेरी अस्तराचा.

नायलॉनच्या दोऱ्याची टोकं जाळायला माझ्या मशीनच्या खणात काडेपेटी असते. ती चाचपडत काढली. दिवा हाताने शोधताना बोटं पिठात गेली. काडी ओढली, वात वर केली, दिवा लावला. मग प्रश्न पडला जळक्या काडीचा. टाकली तर सकाळी कोणाच्यातरी डोळ्यांवर येणार. ती मी बॉबिनच्या डबीत घातली आणि हात पदराला पुसले. कोणी उठलं नव्हतं. दिव्यात तेल काठोकाठ होतं. वाराही नव्हता. मग तो विझला कसा, हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही. मी झोपले म्हणून विझला, यापुढे माझी अक्कल गेलीच नाही.

सकाळी आत्याबाई दिव्याशी वाकल्या आणि त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. पिठात तीन बोटं उमटली होती. बायका गोळा झाल्या. कोणी म्हणाली गड्याची बोटं हायेत, कोणी म्हणाली डाव्या हाताची हायेत. सासूबाई गुडघ्यावर बसून बराच वेळ त्या ठशांकडे बघत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा माझा उजवा हात पदराखाली. माझी बोटं लांब आहेत, गड्याची वाटावीत अशी. कोणी मापून पाहिलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता, पण असल्या वेळी कोणी मापं काढत नाही.

दहाव्याला पूर्णेच्या काठी पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढायला लागलं. माझा नवरा हात जोडून म्हणाला, आईला मी नीट सांभाळीन. कावळा आला नाही. पुतण्या म्हणाला, बांधाचा वाद मी मिटवतो. तरी नाही. कोणीतरी पळत जाऊन त्यांच्या आवडीची बालूशाही आणून ठेवली. बायकांच्या घोळक्यात मी मागे उभी होते. काय म्हणायला पाहिजे ते फक्त मला माहीत होतं. दिवा विझला होता, मामा. एवढे चार शब्द. ते मी मनातसुद्धा म्हणू शकले नाही, कारण म्हटलं आणि कावळा उतरला असता तर? मग माझ्यापुरतं तरी ते शाबीत झालं असतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक आपापल्या गाड्यांना लागले.

त्या रात्री मला बरोब्बर तीनला जाग आली. मग दुसऱ्या रात्री. मग रोज.

जाग आली एवढंच असतं तर मी तक्रार केली नसती. पण मधल्या खोलीतून आवाज यायचा. सासरे झोपून उठले की पंचा झटकायचे, फट्. तसाच, फट्. मग थोडा वेळ शांत. मग घसा खाकरल्यासारखं काहीतरी. मला पक्कं माहीत होतं की तो पडदा आहे, रस्त्यावरून ट्रक गेला की हलतो. खाकरणं म्हणजे पाण्याची मोटर. माहीत असून काय उपयोग? मी नवऱ्याच्या पाठीला चिकटून पडायची, आणि तो झोपेतच पुढे सरकायचा. माणूस वाटेत अडकलाय, अंधारात हातांनी भिंत चाचपतोय आणि ही भिंत माझ्या उशामागची आहे, असं वाटायचं. मी रोज मनात माफी मागायची. माफी मागून झोप येत असती तर गोष्टच संपली असती.

झोप येत नाही असं एकदा तोंडातून निघालं की अख्खं गाव डॉक्टर होतं. एकीने खसखशीची खीर सांगितली. ती खाऊन मला आणखी भूक लागायची. एकीने सांगितलं, उशीखाली सुरी ठेव. मी कात्री ठेवली, तेवढीच धंद्याची वस्तू. सासूबाई स्वतः रात्री माझ्या तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासायच्या. काळं काळं निघायचं, त्या म्हणायच्या, "पाय बघ कशी उष्णता निघून राह्यली." घासता घासता त्यांनाच डुलकी लागायची आणि वाटी खाली पडायची. मोबाइलवर पावसाचा आवाज लावून पाहिला, तर रात्रभर बाहेर वाळत घातलेले कपडे आठवत राहिले.

शेवटी जालन्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मोठ्या शहाण्या बाई होत्या. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि गोळीपेक्षा जास्त वेळ बोलल्या. म्हणाल्या, झोपेच्या मागे लागू नका, मागे लागलं की ती पळते. चारनंतर चहा बंद. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. रात्री जाग आली तर घड्याळ बघायचं नाही, अंथरुणात तळमळत पडायचं नाही. सरळ उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात एखादं कंटाळवाणं काम घेऊन बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. निघताना त्यांनी विचारलं, "मनात काही आहे का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी कागदावर तसं लिहून घेतलं.

गोळ्या संपल्या. तोवर लोकांच्या उपायांचा मला इतका वीट आला होता की मी घरात जाहीर करून टाकलं, गोळीनं झोप लागते आता, छान झोपते. सासूबाईंनी काशाची वाटी धुऊन फळीवर ठेवली. कोणी विचारायचं बंद झालं. ते वर्षश्राद्धाच्या नंतरचे दिवस होते.

तेव्हापासून मी डॉक्टरीणबाईंचं ऐकायला लागले. तीनला जाग आली की उठून मधल्या खोलीत जायची. जिथे दिवा होता, तिथल्याच भिंतीवर नवऱ्याने तेराव्यानंतर एक झिरोचा बल्ब लावला होता, आईला अंधारात ठेच लागू नये म्हणून. तो मी लावायची आणि मशीनशेजारी खाली बसून ब्लाउजची हातशिलाई करायची. मशीन अर्थातच बंद. तास-पाऊण तासाने मान पडायला लागायची, मग जाऊन झोपायची. दोन-अडीच तास झोप पदरात पडायची, उपाय निम्मा लागू पडला म्हणा. पण परत जाताना तो बल्ब बंद करायची माझी कधीही छाती झाली नाही. त्या जागेवर माझ्या हाताने पुन्हा अंधार करायचा? तो मी जळताच ठेवायची.

गंमत अशी, की तोच बल्ब सासूबाई रोज रात्री नऊला झोपायला जाताना न चुकता बंद करायच्या. मी तीनला लावायची. पहाटे त्या पुन्हा बंद करायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, लाईटच्या बिलावरून आमचं हे न बोलता चाललेलं सासू-सुनेचं भांडण आहे. घरोघरी मातीच्या चुली. एक-दोनदा पहाटे मला जाग होती तेव्हा दाराच्या फटीतून मी त्यांना पाहिलं. बटणावर हात ठेवून बल्बकडे तोंड करून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला शिव्या घालत असणार, असं मी धरून चालले, आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या रात्री बल्ब जरा जास्तच ठसक्यात लावला. तीन वर्षं हे असं चाललं.

माझं खोटं पकडलं ते शेजारच्या खालांनी. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक आहे. खाला साठीच्या आहेत, त्यांच्या सुनांचे आणि नातींचे ईदचे कपडे माझ्याकडे शिवायला असतात. यंदाच्या रमजानमध्ये त्या कपड्याचं माप द्यायला आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आंखां देखो कैसे हो गए तुमारे. तुम तो बोले थे नींद आती करके."

"येते की, खाला."

"झूठ नक्को बोलो. मैं रोज सेहरी के वास्ते उठती, तुमारे खिडकी के पडदे के बाजू में से उजाला दिखता. आज बी दिखा." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "दिल पे कुछ है तो जिसका है उसीकू बोल दो. डाक्टर कू बोल के क्या होता?"

जिसका है उसीकू. तो माणूस तर गेला होता. मग उरलं कोण? ज्या बाईच्या नवऱ्याची वाट मी अंधारी केली होती, ती. दोन दिवस मी हे मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा बाजाराला गेला होता आणि सासूबाई मधल्या खोलीत सुपात नवा हरभरा निवडत बसल्या होत्या, बल्बच्या बरोबर खाली. मी मशीन थांबवली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मामी, एक सांगायचंय. रागावू नका."

"काय फाडलं का कोणाचं कापड?"

"न्हाई. मामा गेल्ते तव्हाचं. तिसऱ्या रात्री दिव्यापाशी मी बसल्ते नं. तव्हा माझा डोळा लागल्ता."

सूप थांबलं. पुढचं वाक्य तयार होतं, की जाग आली तेव्हा दिवा विझलेला होता आणि मी गुपचूप लावला. पण त्या माझ्याकडे बघून चक्क हसल्या.

"ठाव हाय मला. म्या पाह्यलं नं."

"तुम्ही?"

"मला कुठं झोप येऊन राह्यल्ती? उठून आले तं तू टेबलाला टेकून झोपल्ती, तोंड उघडं टाकून. दमल्ती पोरगी. म्हणलं झोपू दे. मंग मीच बसले त्यायच्यापाशी." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "आन् त्यो दिवा. एवढा उजेड. जल्मभर त्यायला उजेडात झोप आली न्हाई, तुला काय सांगू. आन् लोकं म्हणतेत दहा दिवस दिवा लावून ठेवा. मला लई जीव तुटला बघ. म्हणलं, एक रात तरी झोपू द्या माणसाला. वात चिमटीत धरली, मालवला आन् जाऊन पडले."

तेल काठोकाठ होतं. वारा नव्हता.

"तुम्ही मालवला?"

"कोणाला सांगू नको. पाप लागतं म्हणतेत. पण ऐक तर पुढं." त्या पुढे सरकल्या. त्यांच्या तोंडावर असं काही आलं होतं, जे मी चौदा वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. पोरगी मैत्रिणीला गुपित सांगते तशा त्या सांगत होत्या. "सकाळी उठून पाह्यलं तं दिवा जळून राह्यल्ता! आन् पिठात त्यायची बोटं. आत्याबाई बोंबलायल्या, म्या मातर बिलकुल बोलले न्हाई. म्या वळखलं. नंतर नदीवर कावळा शिवना, सगळे रडायले. मला रडू कामून येईल? कावळा तं गेलेल्याच्या पिंडाला शिवतो. हे गेलेच न्हाईत."

माझी बोटं माझ्या मांडीवर होती. त्यांच्या समोर. त्यांनी ती पाहिलीही नाहीत.

"मंग वरीसभर काहीच न्हाई," त्या म्हणाल्या. "वाट पाह्यली. म्हणलं, माझा राग आला असल. आन् वरीसश्राद्ध झाल्यावर एक दिवस पहाटं उठले तं ह्यो बल लागलेला. म्या तं नऊला बंद केल्ता. माझं लेकरू मुडद्यावाणी झोपतं. तू गोळी घेऊन झोपायची. मंग कोण लावील? तव्हापासून रोज लावतेत. अगं, मुक्कामाच्या ड्यूटीवरनं कधी रात्री-बेरात्री घरी आले की आधी मधल्या खोलीची लाईट लावायचे. मी झोपंतच वळखायची, पोचले म्हून. म्हणून तं मी रोज नऊला बंद करती. बंद केल्याबिगर ते लावतील कसे? पहाटं मी राम राम घालती आन् मंग बंद करती." मग सूप पुन्हा हलायला लागलं आणि त्या अगदी सहज म्हणाल्या, "म्हणून तं मला झोप लागती बाई. कोणीतरी जागं हाय घरात."

मला त्या क्षणी राग आला, खोटं बोलत नाही. असा संताप आला की ते सूप हिसकावून फेकून द्यावं. चार वर्षं! माझ्या चार वर्षांच्या रात्री ह्या बाईने नवऱ्याच्या लाडापायी खाल्ल्या, आणि वर माझ्याच जागेपणावर स्वतः घोरत पडली. तोंडाशी आलं होतं, दिवा मी लावला, बल्ब मी लावते, ती बोटं माझी आहेत, ही बघा. बॉबिनच्या डबीत जळकी काडीसुद्धा होती, पुरावा म्हणून. पण त्या हरभरा निवडता निवडता गुणगुणत होत्या. मी उठले आणि मशीनवर जाऊन बसले. त्या दुपारी एका बाहीला मी उलटं कापड लावलं आणि सगळी शिलाई उसवावी लागली.

त्या रात्री मी झोपले. झोपले म्हणजे काय, खड्ड्यात पडावं तशी. मी झोपले म्हणून दिवा विझला नव्हता. कोणी वाटेत अडकलं नव्हतं. तीन कधी वाजले, कुठला ट्रक गेला, पडदा हलला की नाही, काही कळलं नाही. नवऱ्याने हलवून उठवलं तेव्हा साडेसहा झाले होते आणि माझ्या गालावर उशीच्या शिवणीचा वळ उमटला होता. डोकं इतकं हलकं होतं की मला नाचावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगावं, असंही मनात आलं.

"आईला बघ जरा," नवरा म्हणाला. "चहा न्हाई केला आज तिनं."

सासूबाई मधल्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. बल्ब बंद होता. मला एका क्षणात सगळं कळलं आणि ती हलकी झालेली डोक्यावरची टोपली पुन्हा भरून आली.

"काय झालं, मामी?"

"आज लागला न्हाई," त्या म्हणाल्या.

"रात्री लाईट गेली असल."

"फॅन चालू व्हता रातभर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. चार वर्षं आरशात पाहिली होती मी ती. "मीच बोलले तुला," त्या म्हणाल्या. "असलं सांगायचं नसतं. तोंडात तीळ भिजला न्हाई माझ्या. सांगितलं म्हून गेले ते."

मी त्यांना चहा करून दिला, तो त्यांनी घेतला नाही. दिवसभर त्या मला टाळत राहिल्या, जणू मी त्यांचं काही चोरलं होतं. आणि चोरलंच होतं. रात्री नऊला त्यांनी बल्ब बंद केला, पण बाजेवर पडल्या त्या जाग्याच. मला मागच्या खोलीत बाज करकरताना ऐकू येत होती. दहा, अकरा, बारा. ज्या बाईने चार वर्षांत कूस बदलली नाही ती रात्रभर कूस बदलत होती. मला सांगता आलं असतं. उठून जाऊन पायाशी बसून सांगता आलं असतं, की मामी, तुमच्यामुळे गेले नाहीत, कारण ते आलेच नव्हते. हे वाक्य मी पाच-सहा वेळा मनात बांधलं. ज्या ज्या वेळी बांधलं त्या त्या वेळी ते आणखी वाईट झालं.

पावणेचारला बाजेचा आवाज थांबला. मी आणखी थोडा वेळ थांबले. मग अनवाणी जाऊन बटण दाबलं, बोट बटणावर धरून, टक् असा आवाज होऊ नये म्हणून. पुढच्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, हात छातीशी घेऊन. मी परत येऊन पडले, पण डोळे मिटले नाहीत. पाचला त्यांची चाहूल लागली. मी दाराच्या फटीला डोळा लावला. त्या बल्बखाली उभ्या होत्या. दोन्ही हातांनी पदर तोंडाशी धरला होता आणि खांदे हलत होते. मग त्यांनी पदर नीट केला, बल्बकडे बघून म्हणाल्या, "एक दिवस खाडा केला? काय गाडी पंक्चर व्हती का?" आणि बटण बंद करून चहा ठेवायला गेल्या.

आता मला झोप येते. खालांनी विचारलं तेव्हा मी खरंच सांगितलं, आती करके. जळकी काडी मी चुलीत टाकली. माहेरी मुक्काम गेली तीन वर्षं झाला नव्हताच, आता तर करतच नाही. आई विचारते, रात्रीपुरती थांब की, मी म्हणते, शिलाईचं काम पडलंय. रात्री दहाला पडले की डोळा लागतो. मोबाइल उशीखाली असतो, आवाज बंद, नुसता थरथरतो. तीनला उठते, जाऊन बल्ब लावते, त्यांच्या नवऱ्याला घरी पोचवते, आणि परत येऊन झोपते.